खिळा न जाणाऱ्या भिंती आणि घरातलं वाय-फाय

नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो कॅलेंडर टांगताना. हातोडीने खिळा मारायला जावं तर खिळा वाकतो आणि भिंतीवर नुसता ओरखडा उठतो. शेवटी ड्रिलवाल्याला बोलवावं लागतं. दुसरा धक्का आठवडाभरात बसतो. हॉलमध्ये सुसाट चालणारं इंटरनेट आतल्या बेडरूममध्ये मान टाकतं, व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठतो आणि मुलं ‘रेंज नाहीये’ म्हणून पॅसेजमध्ये येऊन बसतात.

दोन्ही धक्क्यांचं कारण एकच. मुंबई-पुण्याकडच्या बऱ्याच नव्या इमारती आता मायवान पद्धतीने बांधतात. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. त्यामुळे दोन खोल्यांमधली साधी भिंतसुद्धा विटांची नसते, पोलादी सळ्यांची जाळी घातलेल्या काँक्रीटची असते. जिथे खिळा जात नाही तिथून वाय-फायही मुश्किलीनेच जातं.

अशा वेळी दुकानदार, भाचा, ऑफिसमधला सहकारी, सगळे एकच उपाय सांगतात: मेश घ्या. एकाच राउटरऐवजी दोन-तीन छोटे डबे घरभर ठेवायचे, सगळ्यांचं नेटवर्क एकाच नावाचं, फोन आपोआप जवळच्या डब्याला चिकटणार. उपाय चांगला आहे, पण तो विकला जातो चुकीच्या आकड्यांवर. खोक्यावर ‘इतके हजार चौरस फूट’ आणि ‘इतके एमबीपीएस’ असे दोन मोठे आकडे असतात, आणि घेणारा त्यातला मोठा आकडा बघून पैसे मोजतो. खरं तर बघायला हव्या त्या दोनच गोष्टी: तुमच्या घराची भिंत कशाची आहे, आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यापर्यंत इंटरनेट कोणत्या वाटेने जाणार आहे. बाकी सगळं त्यानंतर.

भिंतीपासून सुरुवात करू. मेश संच पहिल्यांदा गाजले ते अमेरिकेत, २०१६ च्या सुमारास. तिथलं सर्वसाधारण घर लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पातळ बोर्ड ठोकून उभं केलेलं असतं. खोक्यावरचे चौरस फूट तसल्या घरांना शोभतात. आपल्याकडे बाहेरची भिंत नऊ इंची, आतली साडेचार इंची विटांची, वर सळ्यांचा स्लॅब. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांची जाड भिंत, ती पावसाळाभर ओल धरून बसते, आणि पाणी हे या लहरी शोषून घेण्यात पटाईत. त्यात आपण घराची मांडणी अशी करतो की राउटर आणि बेडरूम यांच्यामध्ये गोदरेजचं लोखंडी कपाट, फ्रिज आणि आरशाच्या दारांचा वॉर्डरोब बरोब्बर एका रेषेत येतात. धातू लहर परत फिरवतो, आणि आरशाच्या मागचा थरही धातूचाच असतो. म्हणून खोक्यावरच्या चौरस फुटांचा निम्मा आकडा विटांच्या घरासाठी धरावा आणि मायवानच्या घरासाठी त्याहूनही कमी. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे. पण निराशा होऊ नये इतपत उपयोगाचा आहे.

वाय-फायचे दोन पट्टे नेहमीचे, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची साडेपाच-सहा. सारख्याच ताकदीने आणि सारख्याच प्रकारच्या अँटेनाने पाठवलं, तर मोकळ्या जागेतसुद्धा ५ गिगाहर्ट्झचा चौथा-पाचवा हिस्साच हाती लागतो, आणि काँक्रीटमधून जाताना तर तो आणखी मार खातो. मग सगळं २.४ वरच का चालवू नये? कारण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार फ्लॅट, वर-खाली मजले, प्रत्येकाचा राउटर, शिवाय मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही त्याच गर्दीत. त्यामुळे २.४ लांब पोचतं पण रखडतं, ५ वेगाने धावतं पण भिंतीशी अडतं. मेशची गरज मुळात या अडण्यातून निर्माण होते.

तरीही मेशवर पैसे घालण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघावा. फायबरवाला मुलगा घरी येतो आणि विचारतो, ‘काका, बॉक्स कुठे लावू?’ आपण म्हणतो, ‘दिसणार नाही असा कुठेतरी लाव.’ मग तो बॉक्स मुख्य दाराशेजारच्या चपलांच्या कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा माळ्यावर जाऊन बसतो, म्हणजे घराच्या एका टोकाला, लाकडात किंवा काँक्रीटमध्ये कोंडलेला. त्यालाच पॅसेजमध्ये, घराच्या साधारण मध्यावर, डोक्याच्या उंचीला आणून लावलं तर दोन खोल्यांच्या घराचा प्रश्न बरेचदा तिथेच मिटतो. फायबर लांबवणं अवघड काम नाही. नवी लांब पॅच कॉर्ड टाकून किंवा तार जोडून ते होतं, फक्त तार काटकोनात मुडपायची नाही. काचेचा तो धागा जास्त वाकवला की प्रकाश बाहेर गळतो. हे करायचं सोडून साडेपाचशे चौरस फुटांच्या वन बीएचकेमध्ये तीन डब्यांचा मेश लावणारे महाभाग आहेत. त्यांचे डबे एकमेकांच्याच अंगावर ओरडत बसतात.

बॉक्स हलवूनही भागलं नाही तर मग मोजमाप करावं. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारची कितीतरी मोफत अ‍ॅप आहेत. आयफोनवर अ‍ॅपलचंच एअरपोर्ट युटिलिटी हे अ‍ॅप आहे, त्यातला स्कॅनर सेटिंग्जमधून सुरू करावा लागतो. अ‍ॅप उघडून घरभर फिरायचं. पडद्यावर आकडा दिसतो तो डीबीएममध्ये, आणि नेहमी उणे असतो. राउटरच्या खोलीत उणे ४० ते ५० दिसलं तर उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतात. उणे ७५ ला कुरकुर सुरू होते आणि उणे ८५ ला फोनवर वाय-फायचं चिन्ह नुसतं शोभेला राहतं. या मापात १० चा फरक म्हणजे ताकद दहापट कमी. म्हणजे हॉलमध्ये उणे ५० आणि भिंतीपलीकडे उणे ७० दिसलं, तर त्या एका भिंतीने शंभरातले नव्व्याण्णव भाग गिळले. दार उघडं आणि बंद ठेवून हेच मोजलं की लहर भिंतीतून येते आहे की दाराच्या वाटेने वळून येते आहे, तेही कळतं. बहुतेक घरांत ती दारानेच येते. हा शोध लागला की डबे कुठे ठेवायचे याचं निम्मं उत्तर मिळालेलं असतं.

आता मेशमध्ये होतं काय ते पाहू. डब्यांनी एकमेकांकडून निरोप घेत पुढे पाठवत राहण्याची कल्पना घरगुती संचांपेक्षा जुनी आहे, आणि तिचा एक गाजलेला प्रयोग आपल्याच देशात झाला. जानेवारी २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरायला मोकळा केला, आणि पुढच्याच महिन्यात हिमाचलमधल्या धर्मशाळेत डोंगरउतारावरच्या तिबेटी संस्था, शाळा आणि कार्यालयं जोडणारं मेश नेटवर्क उभं राहिलं. पुढे ते ‘एअरजलदी’ या नावाने ओळखलं गेलं. साधे घरगुती राउटर उघडून, त्यांत नवं सॉफ्टवेअर घालून, छतांवर बसवले होते. वारा, पाऊस, विजेचा लहरीपणा आणि अँटेनांना लोंबकळणारी माकडं हे सगळं सोसत ते चाललं. तिथे एखादा डबा बंद पडला तर दुसऱ्या वाटेने निरोप जाणं ही खरी गरज होती. घरात तशी वेळ फारशी येत नाही. घरातल्या तीन डब्यांच्या संचात बहुधा एक मुख्य असतो आणि उरलेले दोन थेट त्याच्याशी बोलतात. तसंच बोलावं, हेच बरं.

कारण प्रत्येक जादा टप्पा महाग पडतो. एका रेडिओला एका चॅनेलवर एका वेळी एकच काम करता येतं, ऐकणं किंवा बोलणं. घाटातला एकेरी पूल असतो ना, इकडची वाहनं सोडायची तर तिकडची थांबवायची, तसं. मुख्य डब्याने दुसऱ्या डब्याला माहिती दिली आणि दुसऱ्याने ती त्याच चॅनेलवर फोनला दिली, तर तीच माहिती हवेतून दोनदा गेली आणि वेग निम्मा झाला. मध्ये आणखी एक डबा आला तर तीनदा गेली आणि वेग तिसऱ्या हिश्शावर आला. आकड्यात सांगायचं तर राउटरशेजारी ६०० एमबीपीएस मिळत असतील तर दुसऱ्या डब्यापाशी ३०० आणि साखळीतल्या तिसऱ्यापाशी २००. हेही डब्यांमध्ये रेंज उत्तम असेल तर. मध्ये मायवानची भिंत आली की हे आकडे आणखी घसरतात.

इथे लोक घाबरतात आणि महागडा संच घेतात. पण थांबा, तुमचा प्लॅन किती एमबीपीएसचा आहे? शंभरचा असेल तर ३०० चा अर्धामुर्धा रस्तासुद्धा त्याला पुरून उरतो. मध्यमवर्गीय घरात दोन टीव्ही, चार फोन आणि ऑफिसचं एक-दोन लॅपटॉपचं काम एवढ्यासाठी दोन पट्ट्यांचा साधा वाय-फाय ६ संच बहुधा भागवतो. प्लॅन ३०० च्या वर असेल, घर लांबट असेल किंवा दोन मजली असेल, तेव्हाच तीन पट्ट्यांच्या संचाचा विचार करावा. त्यात डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी एक रेडिओ वेगळा काढून ठेवलेला असतो. २०१८ मध्ये सरकारने ५ गिगाहर्ट्झच्या भागात एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे केले, त्यामुळे त्या पट्ट्यात दोन रेडिओ एकमेकांच्या पायात न येता चालवायला आपल्याकडे जागा आहे.

तीन पट्ट्यांत एक मेख मात्र आहे. वाय-फाय ६ई आणि वाय-फाय ७ च्या बऱ्याच संचांत तिसरा पट्टा ६ गिगाहर्ट्झचा असतो. भारतात त्यातला ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा खालचा भाग मोकळा करण्याचे मसुदा नियम केंद्राने मे २०२५ मध्ये काढले. अमेरिकेत तो आधीपासून खुला आहे. म्हणून तिकडून येताना लेकाने प्रेमाने आणलेला संच इथल्या दुकानातल्या संचासारखाच वागेल असं नाही, आणि त्याची वॉरंटी इथे चालेलच असंही नाही. इथे घेतानाही विचारावं की या मॉडेलमध्ये ६ गिगाहर्ट्झ भारतासाठी सुरू आहे का. नसेल तर तीन पट्ट्यांचे पैसे देऊन दोनच पट्टे घरी येतात. शिवाय ६ गिगाहर्ट्झ भिंतीपुढे ५ पेक्षाही लवकर हात टेकतं, तेव्हा काँक्रीटच्या घरात डबे जोडायला त्याचा भरवसा कमी.

या सगळ्या कसरतीवर एक जुनाट उतारा आहे: तार. मुख्य डब्यापासून दुसऱ्या डब्यापर्यंत कॅट ६ केबल ओढली की हवेतला तो टप्पाच रद्द होतो, आणि बेडरूममधला डबा हॉलमधल्या डब्याइतकाच दमदार होतो. मग तीन पट्ट्यांची गरज उरत नाही, आणि स्वस्तातला संच महागड्याची बरोबरी करतो. केबल म्हटलं की गृहिणी आणि गृहस्थ दोघांच्याही कपाळाला आठ्या पडतात, हे मान्य. पण बहुतेक फ्लॅटमध्ये बिल्डरने टीव्ही आणि टेलिफोनसाठी भिंतीतून पाइप टाकून ठेवलेले असतात, आणि लँडलाइन गेल्यापासून ते नुसतेच पडून आहेत. चांगला इलेक्ट्रिशियन जुन्या तारेच्याच टोकाला नवी केबल बांधून ती ओढून घेतो. विजेच्या वायरींच्या पाइपातून मात्र ही केबल नेऊ देऊ नका, ‘काही होत नाही साहेब’ असं तो कितीही म्हणाला तरी. घर बांधत असाल किंवा नूतनीकरण चालू असेल तर प्रत्येक खोलीत आणि वरच्या मजल्यावर एकेक केबल आत्ताच टाकून घ्या. प्लास्टर झाल्यावर तोच खर्च अनेक पटींनी वाढतो. दोन वेगळ्या इमारती, म्हणजे बंगला आणि आउटहाउस किंवा घर आणि गोठा जोडायचे असतील, तर तांब्याऐवजी फायबर टाकावी. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर तांब्याच्या तारेतून दोन्हीकडची उपकरणं जळू शकतात.

तार जमतच नसेल तर दुसरा डबा कुठे ठेवायचा? रेंज नसलेल्या खोलीत नव्हे. तिथे ठेवला तर डब्यालाही रेंज नसते, आणि जे त्याला मिळत नाही ते तो पुढे काय देणार? तो ठेवायचा अलीकडे, जिथे मोजमापात अजून उणे ६० च्या आसपास दिसतं तिथे, आणि शक्यतो दारांच्या रेषेत. दोन मजली घरात जिन्याचा मोकळा भाग ही लहरींची हमरस्त्याची वाट असते, म्हणून डबा जिन्याच्या वळणावर किंवा वर पोचल्यापोचल्या ठेवावा. स्लॅबमधून आरपार जाण्याची अपेक्षा धरू नये.

फोन आपोआप जवळच्या डब्याकडे जातो, या दाव्याबद्दलही थोडं. कुठल्या डब्याला चिकटायचं हे ठरवतो फोन, डबा नव्हे. अ‍ॅपलने जाहीर केल्याप्रमाणे आयफोन उणे ७० च्या खाली घसरेपर्यंत नव्या डब्याचा शोधच सुरू करत नाही, आणि फोनवर काही चालू असेल तर नवा डबा निदान ८ डेसिबलने सरस असेल तरच उडी मारतो. त्यामुळे तुम्ही बेडरूममध्ये पोचलात तरी फोन हॉलच्या डब्याचं बोट धरून बसलेला असू शकतो. चांगले संच ८०२.११के, व्ही आणि आर ही तीन मानकं वापरतात. पहिलं फोनला शेजारच्या डब्यांची यादी देतं, दुसरं ‘आता तिकडे जा’ असं सुचवतं, तिसरं हस्तांतराचा वेळ कमी करतं. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात या तिन्हींचा उल्लेख आहे का पाहा. जुन्या रिपीटरमध्ये आणि मेशमध्ये कामापुरता फरक आहे तो इथेच.

आता खोक्यावरचा दुसरा मोठा आकडा. एएक्स३००० म्हणजे ३००० एमबीपीएस नव्हे. २.४ वरचे ५७४ आणि ५ वरचे २४०२ यांची बेरीज करून, थोडी वर ओढून तो केलेला असतो. एसी१२०० म्हणजे ३०० अधिक ८६७. तुमचा फोन एका वेळी बहुधा एकाच पट्ट्यावर असतो, आणि प्रत्यक्षात त्या पट्ट्याच्या कागदी वेगाचा निम्मा किंवा थोडा जास्त वेग हाती येतो. या आकड्यापेक्षा डब्याच्या मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचावं. स्वस्त एसी१२०० संचांतल्या काहींना अजून १०० एमबीपीएसचेच पोर्ट असतात. तुमचा प्लॅन दोनशेचा असला तरी अशा डब्यातून शंभरच्या आतच मिळणार. खोक्यावर ‘गिगाबिट’ हा शब्द आणि प्रत्येक डब्याला निदान दोन पोर्ट, एवढं असल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जोडणी करताना एक घोळ घरोघरी होतो. इंटरनेट कंपनीने दिलेला बॉक्स स्वतःच राउटर असतो. त्याला मेश जोडला की दोन राउटर एकामागे एक होतात. रोजच्या वापरात ते जाणवत नाही, पण ऑनलाइन गेम, घराबाहेरून कॅमेरा पाहणं, वायरलेस प्रिंटर यांचं कुठेतरी अडतं. सोपा मार्ग म्हणजे मेशच्या अ‍ॅपमध्ये जाऊन त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकणं आणि कंपनीच्या बॉक्सचं वाय-फाय बंद करणं. तसं केल्यावर काही संचांतली मुलांवर लक्ष ठेवण्याची सोय बंद पडते, हे ध्यानात असू द्या. बॉक्सचं वाय-फाय चालू राहिलं तर घरातले निम्मे फोन जुन्याच नावाला चिकटून राहतात आणि मग ‘मेशचा काही उपयोग झाला नाही’ अशी तक्रार सुरू होते.

लाईट जाण्याचा विचार खोक्यावर कधीच नसतो. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावलेली घरं पुष्कळ, पण मेश झाल्यावर प्रत्येक डब्याला वीज लागते. लाईट गेली की मुख्य डबा जिवंत आणि बेडरूममधला मेलेला, अशी अवस्था होते. इन्व्हर्टर असेल तर डबे त्याच्याच पॉइंटवर लावावेत. छोटे यूपीएस घ्यायचे असतील तर प्रत्येक अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्यावेत. १२ व्होल्ट १ अँपिअरचा यूपीएस दीड-दोन अँपिअर मागणाऱ्या डब्याला तोंड देऊ शकत नाही, आणि काही नवे डबे तर वेगळ्याच प्रकारच्या चार्जरवर चालतात.

मेश घेणं म्हणजे त्या कंपनीशी काही वर्षांचा संसार. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या संचात बहुधा बसत नाही. वाय-फाय अलायन्सने २०१८ मध्ये ‘ईझीमेश’ नावाचं सामाईक मानक आणलं खरं, पण त्याच्या जोरावर वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे बिनधास्त एकत्र करावेत अशी परिस्थिती दुकानात तरी दिसत नाही. त्यामुळे तीन डब्यांऐवजी आधी दोनच घ्यावेत, तेही सुटा डबा नंतर मिळेल अशाच मॉडेलचे. तारेने जोडलेले दोन डबे चांगल्यापैकी मोठ्या टू बीएचकेला किंवा थ्री बीएचकेला पुरतात. मायवानचं घर, आतल्या टोकाला असलेलं स्वयंपाकघर किंवा दोन मजले असतील तरच तिसऱ्याची वेळ येते. परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे हे बिल करतानाच विचारून ठेवावं, आणि खोकं, थर्मोकोल, अ‍ॅडॉप्टरची पिशवी हे सगळं त्या मुदतीपर्यंत माळ्यावर राहू द्यावं.